भाकरीची साखर

तापीच्या खोऱ्यातील नंदुरबार जिल्ह्यात कोरीट हे गाव आहे. या मुलखात दादर नावाची ज्वारी पिकते. तिची भाकरी चवीला गोड नसते. तरीही पचनक्रियेत तिच्यातील पिष्टाची साखरच बनते. ही साखर आतड्यांतून रक्तात मिसळते आणि स्वादुपिंडात तयार होणाऱ्या इन्सुलिनच्या साहाय्याने पेशींत शिरते.

मात्र सर्वच अन्नांपासून साखर सारख्या वेगाने रक्तात येत नाही. उसाचा रस पिताच ती झपाट्याने वाढते. कोंड्यासह दळलेल्या ज्वारीची भाकरी तुरीची डाळ व पालेभाजी यांच्यासह खाल्ली, तर तंतू व प्रथिने यांमुळे ती सावकाश वाढते. इ. स. १९८१ मध्ये टोरांटो येथील डेव्हिड जेन्किन्स व त्यांचे सहकारी यांनी ग्लुकोजला १०० अंक देऊन निरनिराळ्या अन्नांची अशी तुलना केली.

इन्सुलिन अपुरे पडले, किंवा त्याचा परिणाम होईनासा झाला, म्हणजे मधुमेह जडतो. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिल्यास डोळे, मूत्रपिंडे व पाय यांना अपाय होतो. म्हणून मधुमेही माणसाने केवळ गोड वर्ज्य करून भागत नाही. भाकरीही बेतानेच खावी लागते.