कोकमाचे सरबत : बाटली पारखून घ्या, वही रोज लिहा

मे महिना सरत आला की कोकणात रातांबे पिकतात आणि घरोघर अमृत कोकमाच्या बरण्या भरतात. एक किलो साली, दोन किलो साखर, थरावर थर, रोज ढवळायचे आणि आठवड्याने गाळायचे. हे आपल्या घरच्या बायकांना कोणी शिकवायला नको. घोटाळा होतो तो पुढे. श्रावणात बाटली उघडावी तर फस्सकन फेस येतो, कधी झाकण उडते, कधी काचच फुटते. मग दुकानदार पुढच्या वर्षी माल घेत नाही.

असे का होते? सरबतात विरघळलेला अंश ६५ टक्क्यांच्या वर असेल तर आंबवणाऱ्या जंतूंना सहसा वाव मिळत नाही. पण बाटली ओली राहिली की तेच पाणी वर साचून पातळ थर होतो. आंबण्याची सुरुवात तिथूनच होते आणि तयार झालेला वायू बंद बाटलीत कोंडतो.

बाटली कोणती घ्यावी?

भंगारवाल्याकडची बिअरची बाटली स्वस्त पडते म्हणून पुष्कळ जण घेतात. ती जाड असते, कारण बिअरमध्ये वायू मुद्दाम राखलेला असतो. आपल्याला तो नकोच आहे. शिवाय आत आधी काय भरले होते कोणास ठाऊक, आणि काचेवर कंपनीचे नाव कोरलेले असेल तर विक्रीसाठी ती वापरूच नये. पाण्याच्या रिकाम्या प्लॅस्टिक बाटल्याही नकोत.

विक्रीसाठी नवीन काच किंवा खाद्यपदार्थांसाठीची नवीन पेट बाटली घ्यावी. अमृत कोकम थंडच भरतात, त्यामुळे पेट चालते. गरम सरबत मात्र तिच्यात ओतू नये, बाटली आक्रसते. झाकण उघडताना सील तुटणारे असावे. आगळाला पत्र्याचे झाकण लावू नका, मिठाने ते गंजते. उजेडाने आणि उन्हाने कोकमाचा लाल रंग उतरतो, म्हणून भरलेल्या बाटल्या खोक्यात, अंधाऱ्या जागी ठेवाव्यात.

काचेच्या बाटल्या धुऊन, तळाशी फडके घालून, गार पाण्यापासून तापवत अर्धा तास उकळाव्यात. मग पालथ्या घालून पूर्ण कोरड्या होऊ द्याव्यात. भरताना वर दोन बोटे जागा सोडावी.

तराजूची युक्ती

साखरेचा अंश मोजायचे यंत्र सगळ्यांकडे नसते. तेव्हा ७५० मिली सरबत मोजून घ्या आणि भांड्याचे वजन वजा करून तोला. चांगले दाट सरबत साधारण एक किलो भरते. ९८० ग्रॅमच्या खाली आले तर ते पातळ आहे, भरू नका.

टिकण्यासाठी सोडियम बेन्झोएट वापरत असाल तर दहा किलो सरबताला सहा ग्रॅम पुरे, हे कायद्याच्या मर्यादेत बसते. ते अंदाजाने चिमूटभर टाकू नये. तोलून, थोड्या पाण्यात विरघळवून, मग सगळीकडे मिसळावे. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट कोकमाला नको, त्याने रंग फिका पडतो.

वहीत काय लिहावे?

दोनशे पानी साधी वही पुरते. प्रत्येक लॉटला नंबर द्या आणि पुढे लिहा : फळे कोणत्या झाडाची, कोणत्या तारखेला काढली, कोरडी की पावसात भिजलेली, साली किती किलो, साखर किती, गाळल्याची तारीख, ७५० मिलीचे वजन, बेन्झोएट किती ग्रॅम, बाटल्या किती, कुठल्या दुकानात किती गेल्या. तोच नंबर लेबलवर टाका. प्रत्येक लॉटची एक बाटली घरी राखून ठेवा.

याचा फायदा काय? समजा हंगामात दहा लॉट करून ४०० बाटल्या भरल्या आणि सप्टेंबरात एक तक्रार आली. वही नसेल तर चारशेही बाटल्यांवर संशय. वही असेल तर नंबर बघा : लॉट सहावा, फळे पहिल्या पावसात भिजलेली. राखलेली बाटली उघडून खात्री करा, तेवढ्या चाळीस परत आणा आणि बाकीचा माल निर्धास्त विका. शिवाय बाटली, झाकण, साखर यांचा खर्च मांडला की नगामागे खरोखर काय सुटते तेही कळते. पुष्कळांना हा आकडा पहिल्यांदाच दिसेल.

फळप्रक्रियेचा १९५५ चा जुना आदेश आता नाही. त्याची जागा २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याने घेतली आहे. विकायचे असेल तर नोंदणी लागते, आणि लेबलवर नोंदणीचा १४ अंकी नंबर, लॉट नंबर, तारीख, निव्वळ माप आणि नाव-पत्ता हवा. तपासणीला कोणी आले तर हीच वही पुढे करता येते. सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या मंडळींनी बचत गटांना हे अर्ज भरून द्यायला मदत करावी, आणि गटांनी मिळून बाटल्या एकगठ्ठा घ्याव्यात. सुट्या बाटलीपेक्षा त्या स्वस्त पडतात आणि सगळ्यांचे मापही एकच राहते.

रातांबे उतरवायच्या आधी दोन कामे उरका : बाटल्या आणून ठेवा आणि वहीचे रकाने आखा. एकदा फळ घरात आले की कोणालाही सवड नसते.