वाळूतून झिरपणारे पाणी : अ‍ॅम्स्टरडॅमच्या टेकड्यांमधील भ्रमंती

अ‍ॅम्स्टरडॅम आणि परिसरात स्थायिक झालेली आपली कुटुंबे रोज सकाळी स्वयंपाकघरातला नळ उघडतात. पेल्यात उतरणारे ते पाणी उकळावे लागत नाही, गाळावे लागत नाही, आणि त्याला क्लोरीनचा वासही नसतो. शहराच्या पिण्याच्या पाण्यापैकी सुमारे दोन-तृतीयांश पाणी समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांतून झिरपून आलेले असते. हार्लेमच्या दक्षिणेस, झांडफोर्ट आणि फोगेलेनझांग या गावांच्या आसपास पसरलेला हा सुमारे ३,४०० हेक्टरांचा प्रदेश ‘अ‍ॅम्स्टरडॅम्से वॉटरलेइडिंगडाउनेन’ या नावाने ओळखला जातो. अ‍ॅम्स्टरडॅमच्या नळपाण्याच्या टेकड्या, असा त्या लांबलचक नावाचा सरळ अर्थ.

हा प्रदेश संरक्षित निसर्गक्षेत्र आहे. युरोपच्या ‘नातुरा २०००’ या संरक्षित क्षेत्रांच्या साखळीत त्याचा समावेश होतो. तरीही तो कुंपण घालून माणसांपासून दूर ठेवलेला नाही. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत कोणीही अल्प शुल्क भरून आत जावे आणि पायी हिंडावे. रंगीत खुणांचे खांब रोवलेल्या आखीव पायवाटा आहेतच. परंतु येथील खरे वैशिष्ट्य असे की, काही मोजके राखीव भाग वगळता पायवाट सोडून मन मानेल त्या दिशेने चालण्याचीही येथे मुभा आहे. ज्या जागेतून लक्षावधी लोकांचे पिण्याचे पाणी येते, तीच जागा लोकांना पायाखाली घालायला मोकळी आहे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना गावच्या पाणवठ्याच्या वाटेवरही पाऊल ठेवता येत नव्हते, त्या आपल्यासारख्यांनी या व्यवस्थेकडे थोडे थांबून पाहायला हवे.

एका सेंटला एक बादली

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अ‍ॅम्स्टरडॅम हे पाण्याने वेढलेले, परंतु पाण्यावाचून तहानलेले शहर होते. कालव्यांचे पाणी मचूळ आणि सांडपाण्याने नासलेले होते. ऐपतीची घरे पावसाचे पाणी तळघरातील हौदांत साठवीत. काही पाणी फेख्त नदीतून नावांनी आणून विकले जाई. ज्यांना ते परवडत नसे, त्यांच्या वाट्याला कालवे आणि पटकीची साथ येत असे. १८३२ मध्ये आणि पुन्हा १८४८-४९ मध्ये पटकीने या देशात थैमान घातले.

याकोब फान लेनेप हे त्या काळातील नामवंत कादंबरीकार व वकील. टेकड्यांच्या पायथ्याच्या प्रदेशात त्यांच्या घराण्याच्या जमिनी होत्या. वाळूतून झिरपणारे निर्मळ पाणी नळाने शहरात आणता येईल, ही कल्पना त्यांनी उचलून धरली. बरेचसे भांडवल इंग्लंडमधून उभे राहिले, १८५१ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि त्याच वर्षी टेकड्यांमध्ये खोदकामास आरंभ झाला. १२ डिसेंबर १८५३ रोजी शहराच्या पश्चिम वेशीवर, विलेम्सपोर्ट येथे, नळाचे पाणी प्रथम मिळू लागले. किंमत होती एका बादलीस एक सेंट. पुढे १८६६ च्या पटकीच्या साथीत अ‍ॅम्स्टरडॅमची हानी इतर अनेक डच शहरांच्या मानाने कमी राहिली, आणि त्याचे श्रेय या पाण्यालाच दिले गेले.

परंतु या इतिहासाचे केवळ कौतुक करून भागणार नाही. ते पाणी विकत घ्यावे लागत होते, आणि एक सेंटही ज्याच्याजवळ नव्हता त्याच्यासाठी १२ डिसेंबरचा दिवस आदल्या दिवसासारखाच उजाडला असणार. शिवाय शहरात नळ आला त्या वर्षी डचांच्या ताब्यातील सुरीनाममध्ये गुलामगिरी कायद्याने चालू होती. ती रद्द होण्यास १८६३ साल उजाडावे लागले. पाणीपुरवठा खासगी कंपनीकडून शहराच्या ताब्यात आला तो १८९६ मध्ये. आज आपल्याला सहज वाटणारी ही सोय टप्प्याटप्प्याने, हिशेब आणि हुज्जत करीत सार्वजनिक झालेली आहे.

खाऱ्यावर तरंगणारे गोडे

समुद्राच्या इतक्या जवळ गोडे पाणी टिकते कसे, हा प्रश्न येथे चालताना लहान-मोठ्या सर्वांनाच पडतो. पावसाचे पाणी वाळूत मुरते. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा किंचित हलके असल्याने ते खोलवरच्या खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकारात तरंगत राहते. विलेम बाडॉन गायबेन या डच लष्करी अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याचे गणित मांडले : समुद्रसपाटीच्या वर भूजलाची पातळी एक मीटर असेल, तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी असते. या नियमाची उलट बाजूही तेवढीच खरी आहे. वरची पातळी थोडीशी खाली गेली, तरी खालचे खारे पाणी झपाट्याने वर चढते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नेमके तेच घडले. शहर वाढले, उपसा वाढला, टेकड्यांमधील ओलसर सखल भाग कोरडे पडले आणि खालून खारे पाणी वर येऊ लागले. अखेर १९५७ पासून न्यूवेगाइनजवळ ऱ्हाइन नदीचे पाणी उचलून, त्यावर प्राथमिक प्रक्रिया करून, सुमारे पन्नास किलोमीटर लांबीच्या नळांमधून ते टेकड्यांत आणण्यास सुरुवात झाली. ते उथळ चरांमध्ये सोडले जाते, वाळूत मुरते, सरासरी सुमारे तीन महिने जमिनीखालून हळूहळू पुढे सरकते आणि मग कालव्यांत गोळा होऊन लेडाउन येथील शुद्धीकरण केंद्राकडे जाते. एवढ्या अवधीत रोगजंतू मरून जातात. उरलेले काम ओझोन, कार्बन आणि पुन्हा वाळूच्या थरांकडून होते.

टेकड्यांमधून हिंडताना दिसणारे सरळ, संथ कालवे आणि चर ते हेच. त्यांच्या काठावर बगळे उभे असतात, हिवाळ्यात बदकांचे थवे उतरतात. निसर्ग कोठे संपतो आणि मानवी स्थापत्य कोठे सुरू होते, हे सांगणे कठीण व्हावे इतके ते एकजीव झाले आहे.

शुद्धतेचे दोन अर्थ

ऱ्हाइन सहा देशांतून वाहत येते. तिच्या काठावर शहरे आहेत, रसायनांचे कारखाने आहेत, बंदरे आहेत. असंख्य हातांनी स्पर्शिलेले ते पाणी येथे वाळूत शिरते आणि पिण्याजोगे होऊन बाहेर पडते. ते कोणी हाताळले, हे विचारण्याची वाळूला गरज पडत नाही. पाण्याला खरा धोका कशापासून असतो, हे १ नोव्हेंबर १९८६ रोजी दिसून आले. स्वित्झर्लंडमधील बाझेल शहराजवळ सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली, विषारी रसायने नदीत मिसळली, नदी लाल झाली आणि मासे मेले. खाली नेदरलँड्समध्ये नदीचे पाणी उचलणे थांबवावे लागले. या आपत्तीनंतर नदीकाठच्या देशांनी १९८७ मध्ये ऱ्हाइनसाठी संयुक्त कृती कार्यक्रम आखला.

नदी ही प्रांताच्या सीमा पाहून वाहत नाही, संपूर्ण खोऱ्याचा एकत्र विचार केला पाहिजे, ही दृष्टी आपल्याला परकी नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रममंत्री असताना बाबासाहेबांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेस याच दृष्टीने दिशा दिली होती.

आता महाड आठवावे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव संमत झाला होता. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले होते, प्रत्यक्षात नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे शिस्तीने चालत तळ्यावर गेली आणि त्यांनी ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी तळ्यात शेण, गोमूत्र, दूध आणि दही यांच्या घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ केले. ज्या तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता, तेथे माणसाच्या ओंजळीने विटाळ झाला होता. तळे खरोखर सर्वांचे आहे, हा निकाल मुंबई उच्च न्यायालयाकडून येण्यास १७ मार्च १९३७ पर्यंत, म्हणजे तब्बल दहा वर्षे वाट पाहावी लागली.

या टेकड्यांवर कुत्र्यांना प्रवेश नाही. सायकलीही बाहेर ठेवाव्या लागतात, आणि कालव्यांत उतरण्यास व पोहण्यास मनाई आहे. म्हणजे येथेही पाणी राखले जाते, नियम कडकच आहेत. परंतु प्रत्येक नियमामागचे कारण तपासून पाहता येते आणि तो प्रत्येकाला सारखाच लागू होतो. जन्मावरून ठरणारी शुद्धता आणि प्रयोगशाळेत मोजता येणारी शुद्धता यांतील अंतर समजावून सांगण्यास याहून सोपी जागा मला ठाऊक नाही.

गेल्या उन्हाळ्यात माझी आई मराठवाड्यातून येथे आली होती, तेव्हा तिला या टेकड्यांवर नेले. लहानपणी ती गावच्या विहिरीपासून दूर घागर ठेवून, कोणी वरून पाणी ओतेल याची वाट पाहत उभी राहिलेली आहे. कालव्याजवळ पोहोचताच तिचे पाय आपोआप थबकले. काठावरच्या पाटीकडे बोट दाखवून तिने विचारले, “काय लिवलंय तिथं?” पाण्यात उतरण्यास मनाई आहे, असे मी सांगितले. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “समद्यांनाच मनाई हाय ना? मग ठीक हाय.” आणि काठाकाठाने ती माझ्यापुढे चालू लागली.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये विहिरी आणि तलाव यांच्याबरोबरीनेच रस्ते आणि सार्वजनिक वावराच्या जागांचाही उल्लेख आहे, आणि तेथे धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणास अडवता येणार नाही असे म्हटले आहे. पाणी पिण्याचा हक्क आणि वाटेने चालण्याचा हक्क हे त्या तरतुदीत शेजारी शेजारी ठेवलेले आहेत, कारण आपल्या समाजाला ते दोन्ही एकाच वेळी नाकारले गेले होते.

कसे जावे, काय पाहावे

अ‍ॅम्स्टरडॅमहून आगगाडीने हार्लेम किंवा हेमस्टेड-आर्डेनहाउट गाठावे आणि तेथून बस घ्यावी. आत शिरण्यासाठी अनेक दारे आहेत. प्रथमच जाणाऱ्यांना फोगेलेनझांगजवळचे ‘ओआसे’ हे दार सोयीचे पडते. तेथेच ‘ओरान्येकोम’ हे अभ्यागत केंद्र आहे. १८५१ मध्ये पहिली कुदळ पडली ती याच परिसरात. मुलांना पाण्याचा प्रवास समजावून देण्यासाठी सुरुवात येथून करावी.

टेकड्यांवरील ठिपकेदार हरणे हे मुलांचे मुख्य आकर्षण असते. ऑक्टोबर महिन्यात त्यांचा माजाचा काळ असतो आणि नरांचे घोगरे ओरडणे दूरवर ऐकू येते. त्यांची संख्या एकेकाळी हजारोंच्या घरात गेली, झुडपे आणि रानफुले खाऊन फस्त होऊ लागली, तेव्हा ती नियंत्रणात आणण्यासाठी २०१६ पासून शिकार सुरू करण्यात आली. अहिंसा मानणाऱ्या आपल्या घरांत या विषयावर चर्चा होईल, आणि ती व्हावी. हरणांना खाऊ घालण्यास सक्त मनाई आहे. शरद ऋतूत समुद्राकडच्या उतारांवर काटेरी झुडपे नारिंगी फळांनी लगडतात. वाळूला घट्ट धरून ठेवणारे ‘हेल्म’ नावाचे टोकदार गवत सर्वत्र दिसते. त्याच्या मुळांनीच या टेकड्या जागेवर उभ्या आहेत. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने बांधलेली काँक्रीटची खंदकघरेही काही ठिकाणी आहेत, आणि त्यांपैकी काहींत आता वटवाघळे मुक्काम करतात.

दोन गोष्टींची काळजी घ्यावी. गवतात गोचिडी असतात, त्यामुळे पायघोळ कपडे घालावेत आणि घरी परतल्यावर मुलांचे अंग नीट तपासावे. वाळूत चालणे सपाट रस्त्यापेक्षा दमवणारे असते. ज्येष्ठांसाठी आखीव पायवाटांपैकी लहान फेरी निवडावी.

२०२७ साली महाडच्या सत्याग्रहास शंभर वर्षे होतात, आणि त्या वर्षी २० मार्च शनिवारी येतो. सभागृहातील अभिवादनाचा कार्यक्रम आपण करूच. त्या आठवड्यात एक दिवस मुलाबाळांसह या टेकड्यांवर चालत जावे, असे सुचवावेसे वाटते. मार्चच्या त्या दिवसांत वारा बोचरा असतो, म्हणून कानटोपी विसरू नये. शिदोरी आणि पाण्याची बाटली घरूनच न्यावी. ती आपल्या नळावर भरली, म्हणजे झाले.