प्रमाणपत्र आणि पारख

नोकरी देताना प्रमाणपत्रे पाहूच नयेत, असे आमचे म्हणणे नाही. पण उमेदवार काय शिकला, एवढेच ती सांगतात. त्याला काय करता येते, हे त्याचे कामच सांगते.

श्रीनिवास रामानुजन यांचेच पाहा. गणितात असामान्य, परंतु इतर विषयांमुळे एफ. ए.ची परीक्षा काही साधली नाही. १९१२ साली ते मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा ३० रुपयांवर कारकून झाले. तेथील वरिष्ठ नारायण अय्यर गणिताचे जाणकार. त्यांनी या कारकुनाचे गणित पाहिले आणि त्याला उत्तेजन दिले. जानेवारी १९१३ मध्ये रामानुजनांनी केंब्रिजच्या हार्डींना पत्र धाडले. आपले विद्यापीठीय शिक्षण झालेले नाही, हे त्यात स्पष्टच लिहिले होते. हार्डींनी सोबतची सूत्रे तपासली. त्याच वर्षी मद्रास विद्यापीठाने पदवी नसतानाही ७५ रुपयांची मासिक शिष्यवृत्ती दिली. १९१८ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

रामानुजन दुर्मीळच, पण अय्यर दुर्मीळ असण्याचे काय कारण? अर्ज बाजूला सारण्यापूर्वी जाणकाराने उमेदवाराला घटकाभर काम करून दाखवायला सांगावे. एवढ्याने पुष्कळ गुणी माणसे हाती लागतील.