पैशाची ॲप वेगळी का?

मोबाइलवरच्या ॲपचे प्रकार पुष्कळ: निरोप धाडणारी, व्हिडिओ दाखवणारी, रस्ता सांगणारी, रेल्वेचं तिकीट काढून देणारी. यांत पैसे देण्याघेण्याची ॲप वेगळी ठरतात, ती त्यांच्या रचनेमुळे. व्हॉट्सॲपवरचा निरोप टेलिग्रामवर जात नाही, म्हणून सगळे जिथे आहेत तिथेच आपल्यालाही जावं लागतं. फोनपेवरून दिलेले पैसे मात्र गूगल पे किंवा भीम वापरणाऱ्यालाही मिळतात. कारण ही सगळी यूपीआय या एकाच सामायिक व्यवस्थेची दारं आहेत, आणि ही व्यवस्था २०१६ साली सुरू झाली. पैसे सहसा ॲपमध्ये साठत नाहीत. एका बँक खात्यातून थेट दुसऱ्या खात्यात जातात. भाजीच्या गाडीवर एकच क्यूआर कोड पुरतो, तो या सामायिक व्यवस्थेमुळेच.

यावर आक्षेप असा, की व्यवस्था सामायिक असली तरी बहुतेक व्यवहार दोनच कंपन्यांच्या ॲपवरून होतात. हे खरं आहे, आणि काळजीचंही. पण इथे ॲप बदलणाऱ्याचं बँक खातं तेच राहतं, समोरच्याला काही बदलावं लागत नाही. निरोपांच्या ॲपमध्ये ही मोकळीक नाही. स्मार्टफोन नसलेल्यांचं काय, हा दुसरा प्रश्न. साध्या फोनसाठी २०२२ मध्ये यूपीआय १२३पे आलं. फसवणुकीचा आक्षेप सर्वांत गंभीर, कारण गेलेले पैसे परत मिळवणं अवघड असतं. म्हणून घरातल्या थोरामोठ्यांना एवढं नक्की सांगा: पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही.