प्लेगच्या जंतूचं जेवण

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला, तेव्हा तेरणेकाठचं आमचं माकणी गाव त्याच पट्ट्यात होतं. आमच्याकडे त्या पहाटेची आठवण घरोघरी निघते. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण सापडले. ते मात्र विस्मरणात गेलं आहे. भूकंपाच्या धास्तीने माणसं घराबाहेर राहू लागली, धान्य आतच राहिलं आणि उंदीर माजले, असं कारण तेव्हा अभ्यासकांनी मांडलं होतं. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली. देश घाबरला आणि जाणकारांत वाद पेटला: हा खरोखर प्लेगच आहे का? त्याचं पक्कं उत्तर रुग्णाच्या अंगातला जंतू प्रयोगशाळेत वाढवल्यावरच मिळणार होतं. वाढवायचा म्हणजे त्याला खायला घालायचं, आणि त्या खाण्यात दुसरं काहीही जिवंत असता कामा नये. मागे वळून पाहताना मला हीच बाजू सर्वांत मोलाची वाटते, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी लिहिलं गेलं आहे.

महाराष्ट्रात ही गोष्ट १८९६ पासून सुरू होते. मुंबईत मांडवीला डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि ऑक्टोबरात जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत कामाला लागले. लशीसाठी प्लेगचे जंतू मणामणाने वाढवायचे होते. युरोपात मांसाचा रस सर्रास वापरत; पण इथे गाय किंवा डुक्कर चालणार नव्हतं, म्हणून हाफकिननी बकऱ्याचं मांस हायड्रोक्लोरिक आम्लात पचवून त्याचा रस्सा केला. वर तुपाचे थेंब सोडले. त्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत्या झुंबरासारखे वाढत. फ्लास्क हलवला की ती झुंबरं तळाशी बसत आणि वर नवं पीक येई. तुपातली ही वाढ प्लेगच्या जंतूची ओळख म्हणून वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्राच्या पुस्तकांत टिकून राहिली. जंतू मग उष्णतेने मारत, जंतुनाशक कार्बॉलिक आम्ल घालत आणि लस तयार होई. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिननी ती पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. आजची हाफकिन संस्था तीच.

या कामात हयगय झाली तर काय होतं, ते ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुलकोवालने दाखवलं. एकाच बाटलीतून लस टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने गेली. ठपका हाफकिनवर आला. कार्बॉलिक आम्ल न घालण्याची पद्धत तेव्हा त्यांनी स्वीकारली होती, हे विरोधकांच्या हाती लागलं. पुढे निष्पन्न झालं की बाटली उघडताना मातीत पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता. निर्दोष ठरायला त्यांना १९०७ उजाडलं. रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू जाहीरपणे मांडली. धनुर्वाताचे बीजाणू मातीतच असतात आणि साध्या उकळीला दाद देत नाहीत. एका चिमट्याने एका शास्त्रज्ञाची पाच वर्षं खाल्ली, आणि १९ घरांचं तर भरून न येणारं नुकसान केलं.

म्हणूनच ऑटोक्लेव्हचा, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या भांड्याचा, आकडा प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो: १५ पौंड दाब, १२१ अंश, १५ मिनिटं. फक्त आकडा पाठ करून भागत नाही. भांड्यातली हवा आधी बाहेर गेली पाहिजे. ती अडकली तर काटा १५ दाखवतो आणि आतलं तापमान मात्र १२१ ला पोचत नाही. मीडिया, म्हणजे जंतूंचं खाणं, वजन करून विरघळवायचा, पीएच जुळवायचा, फ्लास्कच्या तोंडाला पाणी न शोषणाऱ्या कापसाचा बोळा, त्यावर कागद आणि दोरा. छोट्या प्रयोगशाळांत हेच काम घरच्या कुकरवरही झालेलं आहे. घट्टपणासाठी अगार, म्हणजे किराणा दुकानात मिळणारा चायना ग्रासच. १८८१ मध्ये फॅनी हेसे या गृहिणीने ते पतीला सुचवलं, तोवर जिलेटिन वापरत. मराठवाड्याच्या मे महिन्यात जिलेटिनचं पाणीच झालं असतं. अगार चाळीसच्या आसपास थिजतं आणि पुन्हा वितळायला उकळत्या पाण्याइतकी उष्णता मागतं.

मुंबईत वारके कुटुंबाने उभ्या केलेल्या हायमीडिया कंपनीने मीडियाच्या तयार भुकटीचे डबे गावोगावच्या कॉलेजांत पोचवले. त्यामुळे मांस शिजवणं गेलं, पण शेवटचा पहारा तोच राहिला. ओतलेल्या प्लेटांतल्या काही रिकाम्याच रात्रभर उबवणीयंत्रात ठेवायच्या. सकाळी त्यांच्यावर काही उगवलं तर सगळी खेप फेकायची. हे करताना जीव तुटतो, विशेषतः जिथे एक डबा वर्षभर पुरवायचा असतो.

१९९४ मध्ये दुसरं काही उगवू न देण्याचा हाच पहारा फार अवघड होता. प्लेगचा जंतू संथ. त्याची नीट दिसेल अशी वसाहत व्हायला दोन दिवस लागतात. थुंकीतले इतर जंतू तोवर प्लेट भरून टाकतात. त्यात सुरतेत लोकांनी टेट्रासायक्लीन आधीच घेतलं होतं. तरीही काही नमुन्यांतून जंतू शुद्ध रूपात वाढवले गेले आणि जपून ठेवले गेले. सुरतेचे रुग्ण आणि बीड भागातले उंदीर यांच्यापासून मिळालेल्या त्या जंतूंचा डीएनए हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने तपासला. २००० साली तो निष्कर्ष छापून आला: जंतू प्लेगचाच होता.