वरणगावचा मुक्काम

भुसावळहून मलकापूरच्या दिशेने निघालेल्या महामार्गावर बारा-तेरा किलोमीटरवर वरणगाव लागते. मोटारीने हे अंतर वीस मिनिटांचेही नाही. पायी मात्र ती एका सकाळची पुरती मजल होते. धुळे-जळगावकडून विदर्भाच्या वाटेला लागलेल्या साधू-साध्वींसाठी नशिराबाद, साकेगाव, भुसावळ, वरणगाव, मुक्ताईनगर, मलकापूर ही एकामागून एक येणाऱ्या मुक्कामांची नावे आहेत. गाडीच्या काचेतून या गावांच्या पाट्या तेवढ्या दिसतात. पायी चालणाऱ्याला त्यांचे अंगण दिसते, पाणवठा दिसतो, उंबरठ्यावर बसलेली आजी दिसते, आणि तिला तो दिसतो.

आपल्या समाजात प्रवासाची हौस अलीकडे फार वाढली आहे आणि ती आनंदाचीच गोष्ट आहे. सम्मेदशिखर, पालिताणा, श्रवणबेळगोळ येथील यात्रा तर आहेतच; पण केरळ, काश्मीर, ईशान्य भारत येथेही कुटुंबेच्या कुटुंबे जातात. बरोबर आपला स्वयंपाकी असतो, खाकरे-ठेपल्यांचे डबे असतात, सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याची चोख व्यवस्था असते. धर्माचे नियम सांभाळून देश पाहण्याची ही सोय कौतुकास्पद आहे. तिच्यात एक उणीव मात्र राहून जाते. दहा दिवस परप्रांतात राहूनही तिथल्या एकाही घराचे दार उघडत नाही. परतल्यावर डोंगर आठवतात, धबधबे आठवतात. तिथली माणसे सकाळी काय खातात, कशाची काळजी करतात, पाहुण्याला कसे बोलावतात, हे विचारले तर उत्तर सापडत नाही. 'आपले नियमच असे आहेत, कोणाच्या घरी जाणार कसे?' असे त्याचे कारण दिले जाते.

हे कारण कितपत खरे आहे, ते वरणगावच्या एका मुक्कामात तपासून पाहता येते.

साधू-साध्वींचे नियम आपल्याहून कितीतरी कठोर आहेत. वाहन नाही, पादत्राण नाही, जवळ पैसा नाही, रात्री अन्नपाणी नाही, स्वतः चूल पेटवणे नाही. भिक्षेचे बेचाळीस दोष शास्त्राने सांगितले आहेत. तरीही भारतात जितक्या अनोळखी घरांत ते पाऊल ठेवतात, तितक्या घरांत दुसरा कोणताही प्रवासी क्वचितच जात असेल. नियम मोडून ते आत जातात असे नाही. नियमच त्यांना आत नेतात.

त्यातला एक नियम असा की, साधूंसाठी मुद्दाम तयार केलेले अन्न त्यांना चालत नाही. घरच्या माणसांसाठी जे शिजले असेल, त्यातलेच थोडे घ्यायचे. दुसरा असा की, एकाच घरून पोटभर घ्यायचे नाही. गाय जशी चरताना गवत मुळासकट उपटत नाही, तशी ही गोचरी. दशवैकालिक सूत्राचे पहिले अध्ययन फुलाला इजा न करता रस घेणाऱ्या भ्रमराच्या उपमेवरच उभे आहे. तिसरा नियम सर्वांत लक्षणीय आहे. ज्याने उतरायला जागा दिली तो 'शय्यातर', आणि शय्यातराच्या घरचा आहार घेता येत नाही. म्हणजे एका घराने आसरा दिला की अन्नासाठी दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या घरी जावेच लागते. अतिथीचा भार एकावर पडू नये आणि लाभ अनेकांना मिळावा, अशी ही रचना आहे. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर कोणाच्याही खात्यावर मोठी रक्कम मांडली जात नाही. थोडे थोडे सर्वांच्या नावे असते.

वाटेवरच्या अनेक लहान गावांत जैनांची घरे मोजकी असतात, काही ठिकाणी एकही नसते. मग साध्वीजींची पावले माळकरी, शाकाहारी घरांकडे वळतात. भुसावळ-वरणगावचा हा पट्टा लेवा पाटीदार शेतकऱ्यांचा, केळी आणि कापसाचा. या घरांतून ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी, उडदाची अथवा तुरीची डाळ, कधी वरण-बट्टी असे जे रोजचे असेल ते पात्रात पडते. मारवाडातून आलेल्या कुटुंबांना आपली दाल-बाटी आणि इथली वरण-बट्टी एकमेकींच्या बहिणी वाटल्या, तर नवल नाही. कांदा-लसूण घातलेली भाजी साध्वीजी नम्रपणे नाकारतात. भाकरी कोरडी घेतात. राखेने घासलेली भांडी धुतलेले पाणी, जे गृहिणी एरवी ओतून देते, तेच धोवन म्हणून विचारतात, तेव्हा ती क्षणभर चकित होते. हात कच्च्या पाण्याने ओला असेल, किंवा हिरवी भाजी चिरता चिरता ती उठली असेल, तर त्या वेळी तिच्या हातून काही घेता येत नाही. 'माझं काही चुकलं का, महाराज?' या तिच्या प्रश्नावर साध्वीजी पाण्यातल्या आणि वनस्पतीतल्या जीवांविषयी चार वाक्ये बोलतात. अहिंसेचा तो पाठ व्याख्यानमंडपात होत नाही. चुलीपाशी, पाच मिनिटांत होतो. दुपारी त्याच आळीतल्या बाया दर्शनाला येतात. मुलाचे शिक्षण, नवऱ्याचे व्यसन, शेतीचे कर्ज अशा गोष्टी त्या उघडपणे बोलतात, कारण जी व्यक्ती उद्या निघून जाणार आहे आणि जिला काहीच नको आहे, तिच्यापाशी मन मोकळे करायला संकोच वाटत नाही.

वरणगावाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. १९६४ मध्ये येथे आयुध निर्माणी सुरू झाली आणि निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे कामानिमित्त येथे वसली. ज्या गावच्या नावाशी दारूगोळ्याचा कारखाना जोडलेला आहे, त्याच गावाच्या रस्त्याने मुंगीही पायाखाली येऊ नये म्हणून चार हात पुढची जमीन न्याहाळत ईर्यासमितीने चालणारी पावले जातात. दोन्ही गोष्टी एकाच देशाच्या आहेत. विहार करणाऱ्याला देश असा, त्याच्या सर्व विसंगतींसह, भेटतो.

या परंपरेचे मूळ स्वतः भगवान महावीरांच्या चर्येत आहे. कल्पसूत्रात प्रभूंच्या बेचाळीस वर्षावासांची गावे दिली आहेत. राजगृह-नालंदा येथे चौदा, वैशाली-वाणिज्यग्राम येथे बारा, मिथिलेत सहा; आणि ज्यांची नावे आज फारशी ओळखीची नाहीत अशा अस्थिग्राम, आलभिका, पणितभूमी येथेही एकेक. आचारांग सूत्रातील उपधानश्रुत सांगते की, लाढ देशात लोकांनी त्यांच्यावर कुत्री सोडली, तरीही त्यांनी तो देश टाळला नाही. भात, बोरांचा चुरा आणि कुल्माष अशा रूक्ष आहारावर त्यांनी महिनोन् महिने काढले. जिथे जे सामान्य माणसाचे अन्न, तेच त्यांचे अन्न; आणि उपदेशाची भाषाही लोकांची, अर्धमागधी.

लोकांची भाषा कान देऊन ऐकण्याची ही सवय पुढच्या श्रमणांनीही जपली. उद्द्योतनसूरींनी इ. स. ७७९ मध्ये जालोर येथे 'कुवलयमाला' हा प्राकृत ग्रंथ पूर्ण केला. त्यात एका बाजारपेठेचे वर्णन आहे. देशोदेशीचे व्यापारी तिथे जमले आहेत आणि ग्रंथकाराने त्या प्रत्येकाचे रूप, स्वभाव आणि बोलण्याची लकब टिपली आहे. त्यांत मराठी माणूसही आहे. मराठी भाषेच्या इतिहासात या नोंदीला मानाचे स्थान मिळाले. मारवाडातल्या एका आचार्यांनी बाराशेहून अधिक वर्षांपूर्वी मराठी बोलणे इतक्या आस्थेने ऐकले होते, ही गोष्ट खानदेशातील ओसवाल कुटुंबांनी आपल्या मुलांना अवश्य सांगावी.

कारण या कुटुंबांचा इतिहासही चालण्याचा आणि मिसळण्याचाच आहे. १८६० च्या दशकात रेल्वे भुसावळला पोचली आणि १८६७ मध्ये वरणगावावरून जाणारा नागपूरचा मार्ग खुला झाला. खानदेशच्या कापसाला दूरच्या बाजारपेठा मिळाल्या. लोटा-दोरी घेऊन आलेल्या पूर्वजांनी खेड्यापाड्यांत दुकाने थाटली. घरात मारवाडी आणि गल्ल्यावर गावची बोली असे त्यांचे आयुष्य दोन भाषांत रुजले. गिऱ्हाइकाच्या घरचे लग्न, पोळ्याचा सण, पावसाची चिंता या सगळ्यांत ते सहभागी झाले. स्वयंपाकघराचे नियम त्यांनी सोडले नाहीत आणि गावही सोडले नाही.

खानदेशच्या मातीला पायी चालणारे संत नवे नाहीत. वरणगावपुढच्या मुक्कामाचे नावच संत मुक्ताबाईंवरून पडले आहे. तिथून मुक्ताबाईंची पालखी दरवर्षी पंढरपूरला पायी जाते. दोन्ही परंपरांच्या दिनदर्शिका शेजारी ठेवल्या, तर एक सुंदर योग दिसतो. वारकरी आषाढी एकादशीला पंढरपुरी पोचतात आणि त्यानंतर तीनच दिवसांनी, आषाढ शुद्ध चतुर्दशीला, जैन साधू-साध्वींचा चातुर्मास बसतो. एकीकडे चालणे फळाला येते, तिकडे दुसरीकडे चालणे थांबते. कार्तिकी पौर्णिमेनंतर विहार पुन्हा सुरू होतो. ज्या माळकरी घराने आषाढी वारीच्या दिंडीला भाकरी बांधून दिली, तेच घर मार्गशीर्षात साध्वीजींच्या पात्रात भाकरी वाढते. पायी येणाऱ्याचे मोल त्या घराला शिकवावे लागत नाही.

आधुनिक काळातही या चालण्याची व्याप्ती लहान नाही. आचार्य तुलसींनी १९४९ मध्ये अणुव्रत आंदोलन सुरू केले आणि ते सर्व धर्मांच्या लोकांसाठी खुले ठेवले. त्यांच्या परंपरेतील आचार्य महाश्रमण यांची अहिंसा यात्रा २०१४ मध्ये दिल्लीहून निघाली, नेपाळ आणि भूतानसह भारताच्या अनेक राज्यांतून गेली आणि २०२२ मध्ये दिल्लीतच पूर्ण झाली. सद्भावना, नैतिकता आणि व्यसनमुक्ती हे तिचे विषय होते. हे विषय गावोगावच्या माणसांत बसूनच बोलता येतात.

ही साखळी आज मात्र दोन ठिकाणी सैल होत आहे. चौपदरी महामार्गांवर वाहनांचा वेग वाढला आणि विहारातील अपघातांच्या बातम्या वारंवार मन हेलावून टाकतात. उन्हाचा ताप टाळण्यासाठी अंधारात निघण्याचा आग्रह श्रावकांनी धरू नये; सूर्योदयानंतर, वाट नीट पाहून चालण्याचा शास्त्रनियम आज प्राणरक्षकही ठरतो. शक्य तिथे जुना गावरस्ता शोधून देणे, समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने चालणे, मागेपुढे ठळक जाकिटे घातलेले स्वयंसेवक असणे ही विहारसेवेची पहिली कर्तव्ये आहेत.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. लहान गावांतील आपली घरे मुलांच्या शिक्षणासाठी आणि व्यापारासाठी जळगाव, नाशिक, पुण्याकडे जात आहेत. मग भक्तिभावाने शहरातून मोटारीत डबे येतात, मुक्कामाच्या जागी सगळी व्यवस्था होते आणि साध्वीजींना गावात पाऊल टाकण्याचे कारणच उरत नाही. सेवेमागची भावना निर्मळ आहे; पण त्यामुळे निर्दोष गोचरीचा प्रश्न उभा राहतो आणि ते गावही रिते राहते. ज्या आजीने भाकरी वाढली असती, तिची भेट होत नाही. आपल्या सहलीत जी उणीव आहे, तीच नकळत आपण विहारातही नेतो.

यावर उपाय अवघड नाही. डबा नेण्याऐवजी श्रावकाने एक दिवस आधी गावात जावे, शाकाहारी घरांची ओळख करून घ्यावी आणि 'मुद्दाम काही करू नका, दार तेवढे उघडे ठेवा' एवढे सांगून यावे. सुटीत मुलांना घेऊन निदान एक मजल साधू-साध्वींसोबत चालावे. आणि पुढच्या सहलीत, स्वयंपाकी बरोबर असला तरी, एका स्थानिक घरी आपले नियम मोकळेपणाने सांगून ताज्या भातावर आणि साध्या वरणावर बसून पाहावे. नियम सांगितल्याने माणसे दुखावत नाहीत. न आल्याने दुखावतात.

दुसऱ्या दिवशी ऊन कोवळे असतानाच वरणगावचा मुक्काम हलतो. वापरायला घेतलेला पाट, चटई ज्याची त्याला परत दिली जाते. आळीतल्या चार-दोन बाया, शाळेला निघालेली मुले गावाच्या वेशीपर्यंत येतात. मांगलिक होते. त्यातले शब्द सर्वांना कळतात असे नाही, पण हात सर्वांचे जोडलेले असतात. मग मुक्ताईनगरची वाट सुरू होते, आणि गावातल्या दोन-तीन घरांत त्या दिवसापासून भांडी धुतलेले पाणी ओतण्यापूर्वी कोणीतरी क्षणभर थबकते.