असं का होतं? : वादळात होडी आडोशाला का पळते?

पावसाळ्यात पनवेलजवळच्या कोनला भाताच्या खाचरात पाणी तुंबतं. वारा छत्री उलटी करतो, पण खाचरात उठतात नुसत्या सुरकुत्या. तोच वारा अलिबागला मात्र पुरुषभर लाटा उठवतो.

वारा पाण्याला ढकलत राहतो, तशी लाट पुढे जाता जाता फुगते. घरंगळत मोठा होणाऱ्या पिठाच्या गोळ्यासारखी. समुद्रात तिला शेकडो किलोमीटर मोकळं रान मिळतं, खाचरात चार पावलं. म्हणून हवा बिघडली की गुजरातच्या मच्छीमार नौकासुद्धा देवगड बंदरात आसऱ्याला येतात. तिथं डोंगर आडवा असतो, लाटेला धावायला जागाच नसते.

खलाशांचा मुक्काम नौकेवरच. स्टोव्हवर भात, दमट चादरी, पत्त्यांचा डाव. भांडी किणकिणतात, सांडत नाहीत.